साडूचं टेबल

धाकट्या साडूचं कार्ड आलं ते मंगळवारी, आणि कवळीवाल्यांचं पोट बिघडलं तेही मंगळवारीच. घरात सगळा दोष शिळ्या भाताला देण्यात आला. भात बिचारा निर्दोष होता.

कवळीवाले म्हणजे थोरले जावई. एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या, कॅपा आणि ब्रिज घडवणं हे त्यांचं काम, म्हणून नातेवाइकांत त्यांचं नावच ते पडलं होतं. परदेशात येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. धाकटे जावई, म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचे, ते लिफ्टवाले. त्यांना येऊन जेमतेम पाच वर्षं. त्यांना इथे बोलावलं कवळीवाल्यांनी, विमानतळावर आणायला गेले कवळीवाले, कोणत्या खिडकीपुढे उभं राहायचं आणि कोणत्या फॉर्मवर शाई निळीच हवी हे शिकवलं कवळीवाल्यांनी. पहिले सात महिने तर लिफ्टवाले आणि धाकटी कवळीवाल्यांच्याच घरात राहिले. आणि कायम वास्तव्याचं कार्ड मात्र आधी आलं लिफ्टवाल्यांचं. कवळीवाल्यांचा अर्ज चार वर्षं कुठल्याशा कपाटात पडून होता.

साडूचं झालं याचं आपल्याला मुळीच वाईट वाटत नाही, असं ते बायकोला दिवसातून तीनदा सांगत. साडूचं व्हावं, जरूर व्हावं, फक्त आपल्यानंतर व्हावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. त्यांनी फोन करून अभिनंदनही केलं, पण ते अशा आवाजात, की लिफ्टवाल्यांनी पलीकडून काळजीनं विचारलं, "दादा, घरी सगळे बरे आहेत ना?"

त्यात रविवारी सासूबाईंचा फोन आला. सासूबाई मायदेशी बसून दोन्ही जावयांवर सारखंच प्रेम करत, आणि ते सारखं आहे की नाही हे दर रविवारी फोन करून तपासून घेत. त्या म्हणाल्या, "धाकट्यांचं झालं हो. तुमचं कुठवर आलंय?" कवळीवाले म्हणाले, चाललंय. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "चालू द्या, चालू द्या." हे त्या इतक्या मायेनं म्हणाल्या, की कवळीवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खरी सल कार्डाच्याही आधीची होती. लिफ्टवाल्यांनी स्वतःचं घर भाड्यानं घेतलं आणि पहिल्याच पगारात सहा माणसांचं लाकडी टेबल आणलं. मग ड्रिल आणून भिंतीला भोकं पाडली, चित्रं लावली, पडदे लावले, आणि एका मोठ्या कुंडीत लिंबाचं झाड लावलं. तेव्हा कवळीवाले पोट धरून हसले होते. कार्डाचा पत्ता नाही आणि हा गृहस्थ लिंबू लावतोय. उद्या जा म्हणाले तर ते झाड काय विमानात खिडकीजवळ बसवणार? पण उद्या जा असं कुणी म्हटलं नाही, झाडाला एक लिंबूही धरलं, आणि कवळीवाल्यांचं हसू हळूहळू आटत गेलं. साडूकडे ते जात, पण टेबलाशी बसत नसत. उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि घाई आहे म्हणून निघायचं, असा त्यांचा रिवाज होता.

त्यांच्या स्वतःच्या घरात अकरा वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकलेला नव्हता. काही घ्यायचं म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असे, "कार्ड आल्यावर." सोफा कार्ड आल्यावर, पडदे कार्ड आल्यावर. तोवर खिडकीला चादर आणि चादरीला चिमटे. कपाटावर दोन मोठ्या बॅगा होत्या आणि त्यांच्यावर अकरा वर्षांपूर्वीच्या विमानाची चिठ्ठी अजून लटकत होती. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं खोकं आतल्या थर्माकोलसकट जपून ठेवलेलं होतं, कारण परत जाताना ते लागणार. मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, पंख्याचं खोकं. टीव्हीच्या खोक्यावर मेणकापड घातलेलं होतं आणि नवराबायको त्यावर जेवत. थोरलीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा तुळशीएवढं काहीतरी छोटं रोप लावू का म्हणून विचारलं होतं. कवळीवाले म्हणाले होते, "झाड लावलं की अडकलो." त्यानंतर तिनं विचारलं नाही, पण बहिणीकडे गेली की ती त्या लिंबाची पानं ओल्या फडक्यानं पुसत बसायची.

कार्डाच्या बातमीनंतर कवळीवाल्यांनी पत्रपेटीशी बोलणंच टाकलं. रोज लॅबमधून येताना ते इमारतीच्या दारातल्या पत्रपेटीसमोरून मान वळवून जायचे. हिनं चार वर्षं आपल्याला जाहिराती दिल्या आणि साडूच्या पेटीनं कार्ड दिलं, तेव्हा हिचं तोंड पाहायचं नाही. असे दोन आठवडे गेले. शेवटी एका मंगळवारी पेटीतून कागद बाहेर लोंबायला लागले म्हणून थोरलीनंच ती उघडली, आणि पिझ्झाच्या जाहिरातींखाली तिला सरकारी पाकीट सापडलं. कवळीवाल्यांच्या अर्जाचा विचार सुरू झाला होता. अर्जदार या देशात खरोखर स्थिरावला आहे की नाही, हे पाहायला एक अधिकारी घरी येणार होत्या. गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. पत्र दहा दिवसांपूर्वीचं होतं आणि गुरुवार परवा होता.

कवळीवाल्यांनी घरभर नजर फिरवली. बॅगा, चिमटे, मेणकापड. हे घर पाहून कुणीही विचारलं असतं, की टॅक्सी किती वाजता येणार आहे. ते तसेच चपला घालून फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना बारा प्रकारची टेबलं दाखवली आणि घरपोच करायला तीन आठवडे लागतील असं सांगितलं. दुकानात ठेवलेलं टेबल तसंच उचलून द्याल का असं विचारल्यावर दुकानदार हसला.

घरी आले तेव्हा थोरली फोन ठेवत होती. तिनं सांगितलं, धाकटीशी बोलणं झालंय, उद्या संध्याकाळी ते दोघं सामान घेऊन येतायत.

"त्यांच्याकडून मी खुर्चीसुद्धा घेणार नाही," कवळीवाले म्हणाले.

"मग उभे राहा," थोरली म्हणाली. ती सहसा आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. "अकरा वर्षं मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी राहिलेय. एक दिवस घरासारखं घर दिसू द्या. मग हवं तर परत खोक्यावर जेवू."

कवळीवाले पोटाची गोळी घेऊन बसले.

बुधवारी लॅबमध्ये त्यांचं लक्ष लागेना. एरवी त्यांचा हात लॅबमध्ये सगळ्यांत नावाजलेला. इतर कारागीर दात घडवत ते पट्टी लावल्यासारखे सरळ, एका रांगेत उभे केलेले. कवळीवाले मात्र पुढच्या दातांपैकी एखादा, बहुतेक सुळ्याशेजारचा, केसभर आत वळवून ठेवत आणि हिरडीजवळ किंचित पिवळट झाक देत. देवाने दिलेले दात सरळ कुठे असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचा दात खोटा आहे हे तोंडात बघून कुणाला कळत नसे, त्यांना सोडून. पण त्या बुधवारी त्यांनी एका आजोबांच्या कवळीला डावीकडे दोन सुळे बसवले.

संध्याकाळी कंपनीची गाडी घेऊन लिफ्टवाले हजर झाले. त्यांनी आणि धाकटीनं आपलं घर धुऊन पुसून आणल्यासारखं सगळं आणलं होतं. टेबल, सहा खुर्च्या, पडदे, चटई, तीन चित्रं, दर अर्ध्या तासाला टिणटिण करणारं घड्याळ आणि कुंडीसकट लिंबू. तेवढं मावायला जागा हवी म्हणून कवळीवाल्यांची सगळी खोकी आणि दोन्ही बॅगा झोपायच्या खोलीत छतापर्यंत रचण्यात आल्या. लिफ्टवाल्यांनी ड्रिल काढलं, भिंतीला लेव्हल लावली, एक डोळा मिटला आणि पहिलं भोक पाडलं. कवळीवाल्यांनी गाल धरला.

"दुखतंय का दादा?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"नाही," कवळीवाले म्हणाले. दुखत होतं, पण गालात नव्हे. अकरा वर्षं जी भिंत आपण हात लावायला भीत होतो, तिला या माणसानं चहा व्हायच्या आत तीन भोकं पाडली आणि आकाश काही कोसळलं नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

गुरुवारी एक चित्र लावायचं राहिलं होतं. लिफ्टवाले अर्ध्या दिवसाची रजा टाकून सकाळीच आले. धाकटी कामावर गेली होती. चित्र लेव्हलमध्ये आणायचं चाललेलं असतानाच दाराची बेल वाजली. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. थोरलीनं दाराच्या भोकातून पाहिलं आणि पांढऱ्या चेहऱ्यानं सांगितलं, की फाइल घेतलेल्या एक बाई आहेत, उंच, करड्या केसांच्या.

"उंच? करडे केस?" लिफ्टवाल्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "दादा, आमच्याकडे आल्या होत्या त्याच असणार."

विचार करायला वेळ नव्हता. लिफ्टवाल्यांना झोपायच्या खोलीत, खोक्यांच्या मागे, ढकलण्यात आलं आणि दार ओढून घेण्यात आलं.

पाहणीच्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. आधीची भेट लवकर आटोपली म्हणून लवकर आले, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. त्या टेबलाशी बसल्या, फाइल उघडली, आणि कवळीवाल्यांना बसायला सांगितलं. साडूच्या टेबलाशी बसण्याची कवळीवाल्यांची ही पहिली वेळ. टेबल हाताला गुळगुळीत लागलं आणि उंची अगदी बरोबर होती, याचा त्यांना फार राग आला.

प्रश्न सुरू झाले. किती वर्षं इथे आहात, काम काय करता, डॉक्टर कोण, शेजारी कोण. हे सगळं तिथल्या भाषेत चाललं होतं आणि त्यात कवळीवाले तरबेज होते. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग साडेदहा झाले आणि घड्याळ टिणटिणलं. कवळीवाले खुर्चीतून चार बोटं उडाले. बाईंनी फाइलवरून वर पाहिलं. आपल्याच घड्याळाला दचकणारा घरमालक त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

"झाड छान आहे," त्या म्हणाल्या. "किती वर्षांचं?"

"अकरा," कवळीवाले म्हणाले. झाड कमरेएवढं होतं आणि त्याला एकच लिंबू होतं. स्वयंपाकघराच्या दारात थोरलीनं डोळे मिटले. बाई उठून झाडाजवळ गेल्या, त्या एका लिंबाला बोट लावलं आणि हसल्या. त्या हसल्या तेव्हा कवळीवाल्यांना त्यांच्या तोंडात काहीतरी ओळखीचं दिसलं, आणि त्यांचं उरलंसुरलं लक्षही उडालं. बाई पुन्हा हसतात का ते ते टक लावून पाहू लागले. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मग बाई परत येऊन बसल्या आणि टेबलावरून हात फिरवत म्हणाल्या, की वस्तू निवडण्यावरून माणूस कळतो. काही महिन्यांपूर्वी त्या अशाच एका घरी गेल्या होत्या. तिथेही हुबेहूब असं टेबल होतं, असंच लिंबू. काय घर होतं ते. दारात पाऊल ठेवताच कळत होतं, की ही माणसं इथे मुरलीत. त्या गृहस्थांना काय दृष्टी होती, काय नीटनेटकेपणा, सगळी चित्रं एका ओळीत. कवळीवाले ऐकत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापायला लागल्या होत्या. इतकी वर्षं सासूबाई झाल्या, सगळे नातेवाईक झाले, आता सरकारही साडूचं कौतुक करायला घरी आलं होतं. तरी त्यांनी दातांवर दात ठेवले. अजून दहा मिनिटं गप्प बसलं की कार्ड हातात होतं.

बाईंनी खोलीकडे एकदा पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि प्रांजळपणे म्हणाल्या, "पण खरं सांगू? तिथे ते जास्त शोभत होतं."

"शोभणारच," कवळीवाले म्हणाले. "त्यांचंच आहे."

थोरलीच्या हातातला ट्रे खाली टेकला. पण कवळीवाल्यांच्या तोंडाला आता कुलूप राहिलं नव्हतं. "हे टेबल त्यांचं. ही खुर्ची त्यांची. पडदे त्यांचे, घड्याळ त्यांचं, लिंबू त्यांचं. ती भोकंसुद्धा त्यांनी पाडलीत. या घरात माझं काही नाही बाई. माझं जे काही या देशात आहे, ते तुमच्या तोंडात आहे."

सरकारी अधिकाऱ्याशी आपले साडू हे काय बोलले, म्हणून आतल्या खोलीत लिफ्टवाल्यांचा धीर सुटला. त्यांनी दार उघडलं, आणि त्यांच्याआधी बाहेर आलं ते पंख्याचं खोकं. मग मिक्सरचं, मग इस्त्रीचं, मग विमानाची चिठ्ठी लावलेली एक बॅग. सगळ्यांत शेवटी, थर्माकोलचे दाणे केसांत घेऊन, लिफ्टवाले.

"दादा, बसा तुम्ही. मी सांगतो त्यांना," ते म्हणाले.

बाईंनी त्यांना ओळखलं. पण त्यांच्या मनात वेगळंच काही चाललं होतं. त्यांनी फाइल उचलून तोंडासमोर धरली आणि तिच्याआडून विचारलं, "माझ्या तोंडात काय?"

"वरचा, डावीकडचा, सुळ्याशेजारचा," कवळीवाले म्हणाले. आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाज कामावर असतो तसा झाला होता. "सात-आठ वर्षं झाली असतील. केसभर आत वळवलाय आणि हिरडीशी पिवळट ठेवलाय. आमच्या लॅबमध्ये असं मी एकटाच करतो. त्या दातावर जिभेनं चाचपून बघा, मागून एक बारीक कड लागेल. ती ठेवायला नको होती, पण तेव्हा माझा हात इतका बसला नव्हता."

फाइलच्या मागे बाईंची जीभ फिरलेली सगळ्यांना दिसली नाही, पण समजली. "माझ्या नवऱ्यालासुद्धा हा दात खोटा आहे हे माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांना आपण कामावर आहोत हे आठवलं, त्यांनी फाइल खाली ठेवली आणि लिफ्टवाल्यांकडे पेन रोखलं. "हे तुमचे कोण?"

"साडू," कवळीवाले म्हणाले.

"भाऊ?"

"नाही. यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी."

बाईंनी फॉर्म चाळला. त्यात चौदा नाती छापलेली होती, सावत्र काकासुद्धा होता, पण साडू नव्हता. "म्हणजे मित्र," त्या म्हणाल्या.

"नाही," दोघेही एकदम म्हणाले. पाच वर्षांत त्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

मग मित्र नाही, भाऊ नाही, तर अख्खं घर उचलून का दिलं, असं बाईंनी विचारलं. लिफ्टवाल्यांना तो प्रश्नच कळला नाही. "साडू आहेत म्हणून," ते म्हणाले, आणि तेवढ्यानं भागत नाही असं दिसल्यावर खाली पडलेल्या खोक्यांकडे बघत पुढे बोलले. "आम्ही नवीन आलो तेव्हा सात महिने यांच्या घरी टीव्हीच्या खोक्यावर जेवलो. खोक्याची एक बाजू फाटकी होती. यांनी रोज आम्हाला चांगली बाजू दिली आणि स्वतः फाटक्या बाजूला बसले. तेव्हाच ठरवलं, पहिल्या पगारात टेबल घ्यायचं आणि यांना त्यावर जेवायला वाढायचं. चार वर्षं बोलावतोय. येतात, उभ्यानं चहा घेतात आणि जातात."

कवळीवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं टेबल आपल्याला खिजवायला घेतलंय.

बाई उठल्या आणि झोपायच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. छतापर्यंतची खोकी त्यांनी खालून वर पाहिली. ही कशासाठी, असं त्यांनी विचारलं. परत जाताना लागतील म्हणून, असं कवळीवाल्यांनी सांगितलं.

"जायचंय तुम्हाला परत?"

कवळीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती लिंबाच्या कुंडीजवळ उभी होती आणि तिचा हात नकळत पानांवर गेला होता. "नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. घर मांडलं आणि मग कुणी सांगितलं, की चला, आवरा. एकदा मांडलेलं आवरायची माझ्यात ताकद नाही बाई. म्हणून मांडलंच नाही."

बाईंनी हे लिहून घेतलं नाही. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, की निकाल लागायला सहा आठवडे लागतील, आणि त्या पुन्हा कधीही येऊ शकतात. तोवर आज ज्या वस्तू जिथे आहेत त्या तिथेच राहू द्याव्यात, दोन्ही घरांत.

याचा अर्थ लक्षात यायला थोडा वेळ लागला. टेबल आता कवळीवाल्यांकडे अडकलं होतं आणि लिफ्टवाल्यांच्या घरात बसायला फरशी होती. थोरलीनं त्यांच्याकडे टीव्हीचं खोकं मेणकापडासकट पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्यांचा फोन आला, की खोक्याची चांगली बाजूही आता फाटलीय. मग रोज संध्याकाळी ते दोघं कवळीवाल्यांकडे जेवायला यायला लागले. पहिल्या दिवशी टेबलाच्या टोकाची खुर्ची कुणाची यावर दोघेही पाच मिनिटं "तुम्ही बसा, तुम्ही बसा" करत उभे राहिले. घर कवळीवाल्यांचं होतं आणि टेबल लिफ्टवाल्यांचं. शेवटी तिथे थोरली बसली.

सहा आठवड्यांत तिनं लिंबाला इतकं जपलं, की झाड फुलांनी भरलं. धाकटी ते रोज बघायची आणि म्हणायची, "आमच्याकडे ऊन कमी लागतं गं ताई." ऊन सारखंच होतं. कवळीवाल्यांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

निकालाचं पाकीट कवळीवाल्यांनी स्वतः पत्रपेटीतून काढलं. आत कार्ड होतं आणि सोबत पाहणीचा अहवाल. अहवालात लिहिलं होतं, की अर्जदाराच्या घरात अर्जदाराची म्हणावी अशी एकही वस्तू आढळली नाही, परंतु त्यांचं काम या शहरात अनेक वर्षं रोजच्या वापरात असल्याचं अधिकाऱ्यानं जातीनं तपासलं आहे. नात्यांच्या चौदा चौकटींखाली बाईंनी पेनानं पंधरावी आखली होती आणि तिथल्या लिपीत शब्द लिहिला होता, साडू. पुढे अर्थही दिला होता: जो आपलं घर रिकामं करून देतो, आणि तरीही मित्र नव्हे.

थोरली कार्ड हातात घेऊन बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "कुंडी आणा. मोठी आणा."

रविवारी टेबल परत पोचवलं. त्याच आठवड्यात कवळीवाल्यांनी दुसऱ्या दुकानातून स्वतःचं तयार टेबल घेतलं, ते साडूच्या टेबलापेक्षा मोजून चार बोटं लांब. मग पुढच्या रविवारी त्यांनी हातोडी घेतली आणि आयुष्यातला पहिला खिळा ठोकायला स्टुलावर चढले. लिफ्टवाले खाली लेव्हल घेऊन उभे होते. ते म्हणाले, "दादा, थोडं डावीकडे." कवळीवाल्यांनी खिळा केसभर उजवीकडे ठोकला. चित्र किंचित तिरकं बसलं आणि खरं वाटायला लागलं.

खाली उतरल्यावर त्यांनी साडूला कार्ड दाखवलं. लिफ्टवाल्यांनी ते हातात घेतलं, तोंड भरून अभिनंदन केलं, आणि परत देता देता त्यांची नजर खालच्या ओळीवर अडली. त्यांचं स्वतःचं कार्ड पाच वर्षांनी नवं करून घ्यायचं होतं. कवळीवाल्यांचं, अकरा वर्षांच्या वास्तव्यामुळे, दहा वर्षांचं होतं. लिफ्टवाल्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांना अचानक घाई झाली आणि ते चहा उभ्यानंच घेऊन निघाले. संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना फोन केला आणि विचारलं, "थोरल्यांचं दहा वर्षांचं झालं म्हणे. तुमचं कसं हो पाचाचंच?"

सोमवारी सकाळी धाकटीचा फोन आला. थोरलीनं तो ऐकला आणि नवऱ्याला सांगितलं, की लिफ्टवाले कामावर गेले नाहीत. रात्रीपासून पोट बिघडलंय. धाकटी म्हणते, शिळा भात खाल्ला असेल.

कवळीवाले नव्या टेबलाशी बसले होते. साडूबद्दल इतकं प्रेम त्यांना पाच वर्षांत वाटलं नव्हतं. हा माणूस आपलाच आहे, अगदी रक्ताचा नसला तरी पोटाचा आहे, असं त्यांना मनापासून वाटलं.

"डॉक्टरकडे न्यायला सांगू का?" थोरलीनं विचारलं.

"काही नको," ते म्हणाले. "दोघांना जेवायला बोलाव. आणि टोकाची खुर्ची त्यांना दे."